रक्ततपासणीतून उगवलेलं तत्त्वज्ञान

लुडविक फ्लेक ११ जुलै १८९६ रोजी जन्मला तेव्हा त्याच्या शहराचं नाव लेम्बर्ग होतं आणि तिथे ऑस्ट्रियाच्या सम्राटाची सत्ता होती. तो डॉक्टर होईपर्यंत तेच शहर पोलंडचं ल्वूफ झालं होतं. १९३९ मध्ये तिथे सोव्हिएत सैन्य आलं, १९४१ मध्ये जर्मन आले, आणि आज ते युक्रेनमधलं ल्विव्ह आहे. माणसाने घर बदललं नाही तरी देश बदलत राहावा, असं ते गाव. पोलिश, यिडिश, युक्रेनियन आणि जर्मन या चारही भाषा तिथल्या बाजारात ऐकू यायच्या. एकच गोष्ट वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी दिसते, हे अशा गावात वाढलेल्या मुलाला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार, असं मला फ्लेक वाचताना सतत वाटत आलं आहे.

घर ज्यू होतं, वडिलांचा रंगकामाचा धंदा होता. ल्वूफच्या विद्यापीठातून फ्लेकने वैद्यकाची पदवी घेतली आणि त्याआधीच तो रुडॉल्फ वायगलच्या हाताखाली काम करू लागला. वायगलचा विषय टायफस. हा विषमज्वर नव्हे. अंगावरच्या उवांमधून पसरणारा, पहिल्या महायुद्धात पूर्व युरोपात लाखोंना झालेला ताप. त्याचा जंतू रिकेट्सिया पोषणद्रव्याच्या बशीत वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. वायगलने तो उवेच्या पोटात वाढवला. भिंगाखाली एकेक ऊ धरायची, केसासारख्या बारीक काचेच्या नळीने तिच्या गुदद्वारातून जंतू आत सोडायचे, मग त्या उवा लहान पेट्यांत भरून माणसांच्या पिंढऱ्यांना बांधायच्या आणि रक्त पाजून पोसायच्या. शेवटी प्रत्येकीचं आतडं काढून त्याची लस करायची. एका माणसाला पुरेल एवढ्या लसीसाठी नव्वद-शंभर उवा लागत. पुढे जर्मन अंमलात गणिती स्टेफान बानाख याच संस्थेत उवांना आपलं रक्त पाजून जगला.

अशा ठिकाणी हात घडलेल्या माणसाला विज्ञान म्हणजे एकांतात सुचलेली कल्पना, असं वाटणं शक्य नव्हतं. विद्यापीठातली जागा १९२३ मध्ये सुटली. मग रुग्णालयाची प्रयोगशाळा, स्वतःची छोटी खासगी प्रयोगशाळा, आणि १९२८ पासून कामगारांच्या आजारपण विमा निधीची प्रयोगशाळा. दिवसभर रक्त, लघवी, थुंकी. संध्याकाळी इतिहासाची आणि तत्त्वज्ञानाची पुस्तकं.

त्या काळचं ल्वूफ विचारवंतांचं गाव होतं. काझिमिएश त्वार्दोव्स्कीने तिथे तत्त्वज्ञानाची शिस्तबद्ध परंपरा उभी केली होती आणि बानाखचे गणिती स्कॉटिश कॅफेत बसून प्रमेयं सोडवत होते. फ्लेक यांतल्या कुठल्याच गटाचा नव्हता. त्याला बोलायला जागा दिली ती वैद्यकाच्या इतिहासप्रेमींच्या मंडळाने. १९२६ मध्ये तिथे त्याने वैद्यकीय विचारपद्धतीवर व्याख्यान दिलं, आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. मुद्दा साधा, पण खोल होता. निसर्गशास्त्रज्ञ नेहमीचं, नियमात बसणारं शोधतो. डॉक्टरपुढे मात्र बिघडलेलंच येतं, तेही प्रत्येक रोग्यात वेगळ्या रूपात. एका रोगाचे दोन रोगी कधीच सारखे नसतात. तरी डॉक्टरला त्यांना एका नावाखाली आणावं लागतं. हे नाव कुठून येतं, कोण ठरवतं, आणि काळाबरोबर ते का बदलतं?

या प्रश्नाचं उत्तर त्याने १९३५ मध्ये बाझलच्या बेन्नो श्वाबे या प्रकाशनाने काढलेल्या जर्मन पुस्तकात दिलं. ‘एका वैज्ञानिक वस्तुस्थितीचा उगम आणि विकास’ असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. त्यासाठी त्याने उदाहरण निवडलं ते रोज त्याच्या टेबलावरून जाणारं: सिफिलिस, म्हणजे उपदंश, बोलीभाषेतली गरमी, आणि तिचं निदान करणारी वासरमान चाचणी.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही साथ युरोपात भडकली. जाणकारांनी कारण शोधलं ते आकाशात. १४८४ च्या नोव्हेंबरात वृश्चिक राशीत शनी आणि गुरू एकत्र आले होते, आणि वृश्चिकेचा अंमल जननेंद्रियांवर. शिवाय हा व्यभिचाराला मिळालेला दंड, अशी धर्माची समजूत. जो तो हा रोग शेजाऱ्याच्या माथी मारत होता. आपल्याकडेही सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त त्याची नोंद फिरंग रोग म्हणून केली. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ताने चोपचिनीची चर्चा केली, तीही मुख्यतः याच रोगावरचं औषध म्हणून. दुसरीकडे पाऱ्याने बरे होणारे ते एका रोगाचे, अशी अनुभवी वैद्यांची विभागणी होती. आणि या सगळ्याखाली एक लोकसमजूत शतकानुशतकं टिकून होती, ती म्हणजे रोग्याचं रक्त नासलेलं असतं.

फ्लेकच्या मते ही शेवटची समजूत निर्णायक होती. ‘नासलेलं रक्त’ ही शास्त्रीय कल्पना नव्हती, तिला पुरावा नव्हता. पण तिच्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लोक रक्ताकडेच बघत राहिले. रक्ताचा रंग, दाटपणा, त्यातले क्षार तपासत राहिले आणि हाती काही लागलं नाही तरी सोडून दिलं नाही. इतर कितीतरी रोगांच्या वाट्याला एवढी चिकाटी आली नाही. वासरमान चाचणी ही या जुन्या हट्टाची फलश्रुती होती.

आता चाचणीकडे. १९०५ मध्ये शाउडिनने उपदंशाचा मळसूत्रासारखा जंतू पाहिला. तेव्हा युरोपात फ्रेंच आणि जर्मन प्रयोगशाळांची चुरस होती. फ्रिडरिश आल्टहोफ या प्रशियाच्या मंत्रालयातल्या वजनदार अधिकाऱ्याने आउगुस्ट वासरमानला बोलावून या विषयात लक्ष घालायला सांगितलं, जर्मनी मागे पडू नये म्हणून. १९०६ मध्ये वासरमान आणि त्याचे सहकारी नायसर आणि ब्रुक यांचा पहिला लेख आला.

चाचणी कशी चाले ते नीट पाहण्यासारखं आहे. रोग्याचं सीरम अर्धा तास ५६ अंशांवर तापवायचं, म्हणजे त्यातला कॉम्प्लिमेंट नावाचा पेशी फोडणारा घटक निकामी होतो. त्यात उपदंशाने मेलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क घालायचा, आणि गिनीपिगच्या सीरममधून मोजून ताजा कॉम्प्लिमेंट घालायचा. रोग्याच्या रक्तात उपदंशाच्या अँटिबॉडी असतील तर त्या अर्काशी जुळतात आणि कॉम्प्लिमेंट त्यातच खर्ची पडतो. पण हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वरून मेंढीच्या लाल पेशी घालायच्या, फुटायला तयार करून ठेवलेल्या. कॉम्प्लिमेंट शिल्लक असेल तर त्या फुटतात आणि नळीतलं पाणी पारदर्शक लाल होतं: रोग नाही. तो संपला असेल तर पेशी अखंड राहून तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी: रोग आहे. पाच घटक, चार प्राण्यांची रक्तं, आणि प्रत्येकाचं प्रमाण रोज नव्याने जुळवावं लागे. आज आलेल्या गिनीपिगचं सीरम कालच्यापेक्षा जोरकस निघायचं. लिहिलेली कृती दोघांनी तंतोतंत पाळली तरी एकाची चाचणी साधायची आणि दुसऱ्याची बिघडायची. भाकरीचं पीठ मळणाऱ्या हाताला पाण्याचा अंदाज असतो, तसा अंदाज इथेही लागे. आणि तो शेजारी उभं राहूनच शिकता येई.

खरं आश्चर्य पुढे आहे. सुरुवातीला वासरमानचा भर रोग्याच्या अवयवांतला जंतूचा अंश, म्हणजे अँटिजेन शोधण्यावर होता. रक्तातल्या अँटिबॉडी दुय्यम होत्या. या दुय्यम बाजूने पहिल्या प्रयत्नांत शंभर रोग्यांमागे जेमतेम १५ ते २० ओळखले. पुढे अनेक शहरांतल्या अनेकांनी प्रमाणं बदलली, वेळा बदलल्या, अर्क बदलले, आणि आकडा ७० ते ९० वर गेला. मग १९०७ मध्ये, रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लांडश्टायनरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उपदंशी यकृताची गरजच नाही. निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अल्कोहोलमधला अर्क वापरला तरी चाचणी तेच उत्तर देते! म्हणजे ज्या तत्त्वावर ती उभारली होती, तो पायाच चुकीचा होता. जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी ती मोजतच नव्हती. तरीही ती उपदंश ओळखत होती, आणि लाखो लोकांच्या उपचारांची दिशा ठरवत होती.

वासरमानने उतारवयात आठवण सांगितली तेव्हा जणू पहिल्या दिवसापासून तो ठरवून इथेच येत होता, असं चित्र उभं राहिलं. फ्लेकने मूळ लेख त्या आठवणीशेजारी ठेवले आणि दोन्हींतली तफावत वाचकाला दाखवली. त्यात वासरमानवर खोटेपणाचा आरोप नाही. पोचल्यावर मागे वळून पाहताना वळणाचा रस्ता सरळ दिसतो, आणि पाठ्यपुस्तकं हीच सरळ रेघ पुढच्या पिढीला देतात, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

निरोगी हृदयातला तो गूढ घटक म्हणजे कार्डिओलिपिन, हे अमेरिकेत मेरी पँगबॉर्नने १९४१ मध्ये गाईच्या हृदयातून तो वेगळा करून सिद्ध केलं. त्यावर आधारलेली व्हीडीआरएल चाचणी वासरमानच्या चाचणीची वारस. आजही आपल्या गावांतल्या दवाखान्यांत गरोदर बाईच्या तपासण्यांच्या यादीत हिमोग्लोबिन आणि रक्तगटाच्या जोडीला ही चार अक्षरं असतात. मलेरियात किंवा काही सांध्यांच्या आजारांत ती कधी फसवी ‘पॉझिटिव्ह’ येते, आणि मग दुसरी चाचणी करून खात्री करावी लागते. याचं कारण १९०६ च्या त्या चुकीच्या गृहीतकापर्यंत जातं.

फ्लेकचं पुस्तक आलं त्याच हंगामात व्हिएन्नात कार्ल पॉपरचं ‘लोगिक डेर फोर्शुंग’ आलं. शास्त्रीय सिद्धान्ताने स्वतःला खोटं ठरण्याची संधी द्यावी, ही त्याची प्रसिद्ध कसोटी. ती देखणी आहे. पण वासरमानच्या पहिल्या आकड्यांना ती काटेकोरपणे लावली असती तर चाचणी पहिल्याच वर्षी बाद झाली असती आणि असंख्य रोगी निदानाविना राहिले असते. पॉपरने भौतिकशास्त्राच्या झळाळत्या विजयांकडे पाहून तत्त्वज्ञान लिहिलं. फ्लेकने ढगाळ नळ्यांकडे पाहून लिहिलं. रोजच्या विज्ञानाचं खरं चित्र मला तरी फ्लेककडे अधिक सापडतं.

त्याने दोन संकल्पना पुढे ठेवल्या: विचारसमूह आणि विचारशैली. ज्ञान ही जाणणारा आणि जाणलेली वस्तू या दोघांतली गोष्ट नाही. तिसरा पक्ष नेहमी हजर असतो, तो म्हणजे ज्या लोकांत राहून माणूस बघायला शिकला तो समूह. सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा डोकावणाऱ्या विद्यार्थ्याला ठिपके आणि धूसर डाग दिसतात. वर्षभराने त्याच काचपट्टीत त्याला स्ट्रेप्टोकोकाय हे जंतू दिसतात, आणि पूर्वी ते दिसत नव्हते यावर त्याचा विश्वास बसत नाही. डोळे तेच असतात. मधल्या काळात तो एका समूहाचा झालेला असतो.

म्हणजे सगळं सत्य समूहाच्या मर्जीचं, असा अर्थ काढणारे तेव्हाही होते, आजही आहेत. फ्लेकवर हा अन्याय आहे. त्याने स्वतः रसायनशास्त्राचा दाखला दिला होता. ऑक्सिजनचा अणुभार १६ धरायचा, हे माणसांनी ठरवलं. पण एकदा ते ठरलं की हायड्रोजनचा १.००८ येतो, तो कुणाच्या इच्छेने बदलत नाही. गृहीत आपलं, परिणाम आपल्या हातातला नाही. जास्तीत जास्त विरोध सहन करून टिकतं ते ज्ञान, आणि हा विरोध जगाकडून येतो.

या पुस्तकाचं हस्तलिखित त्याने १९३३ मध्ये व्हिएन्ना वर्तुळ या तत्त्वज्ञांच्या गटातल्या मोरिट्स श्लिककडे पाठवलं होतं, पण तिकडून पुस्तक निघालं नाही. ज्या वर्षी ते बाझलला छापलं गेलं त्याच वर्षी विमा निधीतली नोकरी गेली. ज्यूंविरोधी वारं पोलंडमध्येही जोर धरत होतं. पुस्तकाच्या फार थोड्या प्रती खपल्या. जर्मनीत ज्यू लेखकाला वाचक मिळणं अवघड होतं आणि तत्त्वज्ञांना एका चाचणीची एवढी चौकशी कंटाळवाणी वाटली असावी.

जून १९४१ नंतर ल्वूफच्या ज्यूंना घेट्टोत कोंबण्यात आलं. उपासमार, थंडी, दाटी आणि उवा. टायफस येणारच होता. घेट्टोतल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत फ्लेककडे ना वायगलच्या उवा होत्या, ना साधनं. होते ते फक्त रोगी. त्याने विचार केला की जंतूचे अंश रोग्याच्या लघवीतून बाहेर पडत असतील तर ते गाळून, शुद्ध करून वापरता येतील. त्यातून त्याने लवकर निदान करणारी चाचणी केली आणि लसही. लस आधी स्वतःला आणि घरच्यांना टोचली, मग इतरांना. ती कितपत गुणकारी होती हे ठरवण्याइतका शांत काळ तिला मिळाला नाही. पण हाती काही नसताना, शेजारच्या खोलीत माणसं मरत असताना केलेलं ते विज्ञान आहे आणि त्याची बरोबरी करणारी उदाहरणं वैद्यकाच्या इतिहासात फार नाहीत.

जर्मनांनाही ही बातमी लागली. टायफसची त्यांना धास्ती होती. पूर्व आघाडीवरच्या सैन्यासाठी लस हवी होती. फ्लेक, त्याची बायको एर्नेस्टिना आणि मुलगा रिशार्द यांना आधी एका औषध कारखान्यात ठेवलं आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये आउश्वित्झला नेलं. तिथे तो छावणीच्या प्रयोगशाळेत तपासण्या करत राहिला. त्याच्या दोन्ही बहिणी मारल्या गेल्या.

तिथून त्याला बुखेनवाल्डच्या छावणीत हलवलं. तिथल्या ब्लॉक ५० मध्ये एर्विन डिंग या नाझींच्या एसएस दलातल्या डॉक्टरच्या हुकमतीखाली कैद्यांकडून सशांच्या फुप्फुसांवर टायफसची लस बनवून घेतली जात होती. जवळच्याच ब्लॉक ४६ मध्ये कैद्यांना मुद्दाम टायफस देऊन लशी तपासल्या जात. लस बनवणाऱ्या गटात या जंतूचा जाणकार एकही नव्हता. पुस्तकं होती, सूक्ष्मदर्शक होता, आणि वरून घाई होती. काचपट्टीवर कुणाला काहीतरी दिसलं, दुसऱ्याने पुस्तकातलं चित्र लावून पाहिलं, तिसऱ्याने दुजोरा दिला, आणि हळूहळू सर्वांची खात्री पटली की हेच रिकेट्सिया. फ्लेकने पाहिलं तेव्हा त्याला कळलं की ते रिकेट्सिया नव्हतेच. पूर्ण गट, प्रामाणिकपणे, एकमेकांच्या साक्षीने, नसलेली वस्तू पाहत होता.

आपल्या सिद्धान्ताचा असा जिवंत पुरावा तारेच्या कुंपणाआड भेटावा! फ्लेकने हे सोबत्यांना सांगितलं, डिंगला नाही. युद्धानंतर त्याने, आणि डिंगचा कारकून म्हणून राबलेल्या ऑयगेन कोगोननेही, सांगितलं की पुढे निरुपयोगी लस मोठ्या प्रमाणावर एसएसला जात राहिली आणि खरी, थोडीशी लस कैद्यांसाठी राखली गेली. पकडले गेले असते तर सगळे मेले असते. १९४६ मध्ये फ्लेकने एका पोलिश नियतकालिकात त्या गटाच्या चुकीचं विश्लेषण लिहिलं. त्यात हुतात्म्याचा सूर नाही. अनुभवी समूहाशी संपर्क तुटलेल्या माणसांत चूक कशी पक्की होत जाते, याचं ते शांत, टप्प्याटप्प्याचं टिपण आहे. या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्या सुरामुळे.

११ एप्रिल १९४५ रोजी बुखेनवाल्ड मुक्त झालं. बायको आणि मुलगाही वाचले. फ्लेक लुब्लिनला आणि १९५२ पासून वॉर्सोला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत, संशोधन करत राहिला. संसर्गात पांढऱ्या पेशी एकत्र गोळा होतात, या घटनेवर त्याचं बरंच काम आहे. १९४८ मध्ये न्यूरेंबर्गला आयजी फार्बेन या जर्मन रसायन कंपनीवरच्या खटल्यात त्याने साक्ष दिली. आधी हृदयविकाराने आणि मग कर्करोगाने गाठल्यावर १९५७ मध्ये तो इस्राएलला गेला, नेस झिओनाच्या संशोधन संस्थेत रुजू झाला, आणि ५ जून १९६१ रोजी वारला.

पुढच्याच वर्षी विज्ञानाचा इतिहासकार टॉमस कूनचं ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स’ आलं. प्रस्तावनेत त्याने लिहिलं की फ्लेकच्या जवळपास अज्ञात पुस्तकात आपल्या कितीतरी कल्पना आधीच येऊन गेल्या आहेत. कूनला ते पुस्तक सापडलं होतं तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाखच्या ग्रंथातल्या एका तळटीपेवरून. कूनचा ‘पॅराडाइम’ हा शब्द जगभर झाला, कून घराघरांत पोचला. फ्लेकचं इंग्रजी भाषांतर शिकागोहून निघायला १९७९ उजाडलं. आता विज्ञानाच्या इतिहासाचा आणि समाजशास्त्राचा कुठलाही गंभीर अभ्यासक त्याला टाळून पुढे जात नाही, पण ज्यांच्यासाठी तो खरं तर लिहीत होता ते डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले लोक त्याला क्वचितच वाचतात.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत व्हीडीआरएल चाचणी दुसऱ्या वर्षाला शिकवली जाते, कृती आणि निष्कर्ष यांच्या तक्त्यासकट. शिकवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: त्या तासातली वीस मिनिटं वासरमानच्या पहिल्या १५-२० टक्क्यांना, लांडश्टायनरच्या निरोगी हृदयाला आणि ब्लॉक ५० मधल्या त्या काचपट्टीला द्या. उद्या रिपोर्टवर सही करणार आहेत ती हीच मुलं. आपण जे पाहतो ते पाहायला आपल्याला कुणी शिकवलं, हे त्यांना तिथेच, नळी हातात असताना कळायला हवं.